वाडीत पाखरं यावीत आणि पाच कोसांवरचे लेखक भेटावेत म्हणून

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याची नोकरी सोडून एक तरुण कादंबरीकार भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात वडिलोपार्जित घरी परतला आहे. घरामागची आठ गुंठ्यांची वाडी पडीक आहे. तिथं पक्षी, फुलपाखरं, खारी, मुंगूस यांना राहावंसं वाटेल अशी बाग करायची आहे, पण सापांची धास्ती आहे आणि लिहायला वेळही उरायला हवा. पाच कोसांवरच्या गावात एक ज्येष्ठ कादंबरीकार राहतात, त्यांची वाडी अशीच आहे असं त्याने ऐकलंय. त्यांच्याकडे जावंसं वाटतं, पण कसं जावं ते कळत नाही.

मी साकोलीकडची. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, शाळा सुटल्यावर लिहिलं, आणि पंचवीस वर्षांपासून बारा गुंठ्यांची वाडी राखते आहे. माझी वाडी आणि माझी लेखक म्हणून झालेली सगळ्यात मोलाची ओळख ही दोन्ही एकाच पोस्टकार्डापासून सुरू झाली, त्यामुळे तुमचे दोन प्रश्न मला वेगळे करता येत नाहीत. तरी आधी वाडीचं सांगते, कारण तुम्ही वैशाखात विचारलंय आणि वैशाखात एक काम थांबू शकत नाही.

ते काम पाण्याचं. आजच कुंभाराकडून दोन पसरट कुंडे आणा. खोली दोन बोटांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, पाण्याच्या वर डोकं काढणारा. मधमाश्या आणि गांधीलमाश्या त्या दगडावर उतरून कडेचं पाणी पितात, नाही तर बुडतात. एक कुंडा जमिनीवर आणि एक कमरेच्या उंचीवर ठेवा. जमिनीवरचा झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर दबा धरून बसतं. झुडपापासून सहा-सात फूट मोकळी जागा सोडा, पण पाखरू भ्यालं तर एका झेपेत फांदी गाठेल इतकंच दूर. एक दिवसाआड जुनं पाणी ओतून द्या, कुंडा नारळाच्या शेंडीने घासा आणि ताजं पाणी भरा. डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे नेमाने पाणी बदललं तर डासांचं भय नाही. घराजवळ गुरांसाठी सिमेंटचं टाकं असेल तर त्यात एक फळी तिरपी टाकून ठेवा. माझ्याकडे पहिल्या उन्हाळ्यात दोन खारी बुडून मेल्या. फळी टाकल्यापासून एकही नाही.

पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दुपारी तीन वाजता चोच उघडी टाकून धापा टाकणारा बुलबुल तुमच्या कुंड्याशी आला, की बाकीची बाग कशी करायची हे तोच सांगायला लागतो. कोण कुठून येतं, पाणी पिऊन कोणत्या फांदीवर जाऊन पंख झटकतं, ते आठवडाभर बसून पाहा. मग झाडं ठरवा. मी उलटं केलं होतं. आधी रोपवाटिकेतून शोभेची तीस रोपं आणली, पहिल्या उन्हाळ्यात चोवीस वाळली, आणि जी जगली त्यांच्यावर एक अळीसुद्धा बसेना.

अळी हा शब्द मुद्दाम वापरला. फुलपाखरं हवी असतील तर अळ्यांनी खाल्लेली पानं आनंदाने पाहता आली पाहिजेत. फुलं पाहून फुलपाखरू येतं आणि मध पिऊन जातं. ते राहतं कुठे, तर जिथे त्याच्या अळीला खायला पान आहे तिथे, आणि प्रत्येकाचं पान ठरलेलं असतं. रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती प्लेन टायगरची. बहाव्यावर आणि पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या तरोट्यावर फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं अंडी घालतात. तरोटा आपण पहिल्या पावसात भाजीला खुडतोच, थोडा त्यांच्यासाठी ठेवायचा. कृष्णकमळाचा वेल, एरंडी, बेल, लिंबू, गोडनिंब ही सगळी अशीच घरं आहेत. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला ते काळं-निळं ब्लू मॉर्मनही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतं.

गोडनिंबाचं एक झाड स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावा. माझं तिथेच आहे. कोवळ्या पानाच्या पोटाशी मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं अंडं असतं. त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी, मध्ये पांढरा डाग, ओलसर चकाकणारी. पाखरं तिला सोडून देतात. मग एक दिवस कात टाकून ती पानासारखी हिरवीगार होते. तिला काडीने हळूच टोचलं की डोक्यामागून तांबूस रंगाची दोन मऊ शिंगं बाहेर येतात आणि कुजक्या लिंबासारखा उग्र वास सुटतो. पुढे ती काडीला रेशमाचा एक धागा कमरपट्ट्यासारखा बांधून कोशात जाते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना. तोवर झाडाची निम्मी पानं गेलेली असतात. घरातली माणसं फवारा म्हणतील. फवारू नका. गोडनिंब पुन्हा फुटतो.

फवारणीबद्दल मी आपल्या विदर्भात कोणालाही हलक्याने बोलू शकत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली, तेव्हा आम्ही शाळेत पोरांना तोंडाला फडकं बांधायला शिकवत होतो. शेतात पोटापाण्याचा प्रश्न असतो. वाडीत तो नसतो. म्हणून वाडीत एक थेंबही नको, तणनाशकही नको, कुंपणाच्या कडेला ‘थोडंसं’ही नको.

झाडं लावायला मृग लागू द्या, दोन चांगले पाऊस पडू द्या. भंडाऱ्याकडे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पश्चिम विदर्भापेक्षा आपल्याला हे काम सोपं आहे. पण त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो, म्हणून रोप पावसाळ्यात मूळ धरेल असंच निवडायचं. आठ गुंठ्यांत मोठी झाडं तीन-चारच बसतात. एक उंबर हवाच, मात्र विहिरीपासून आणि घराच्या पायापासून लांब, कारण त्याची मुळं दगड फोडतात. उंबर वर्षातून अनेकदा फळतो आणि फळं खोडालाच लगडतात. तांबट, धनेश, कोकिळा, रात्री वटवाघळं, आणि नशीब असेल तर हरियाल, आपला राज्यपक्षी. माझ्या उंबरावर हरियाल यायला अकरा वर्षं लागली. उंबराच्या सोबतीला एक बहावा, एक बेल, आणि माळरानावरचं गावठी बोर. पळस असेल तर तोडू नका. माघ-फाल्गुनात तो फुलला की साळुंक्या, कोतवाल, पोपट, खारी सगळे त्याच्यावर असतात.

रायमुनिया, म्हणजे घाणेरी, तुमच्या पडीक वाडीत असणारच. तिच्या फुलांवर फुलपाखरं दिसतात म्हणून अनेक जण ठेवतात. मी ठेवू नका म्हणते. ती बाहेरून आलेली आहे, तिची फळं खाऊन पाखरं ती रानात पसरवतात आणि तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. पण एका दिवसात सगळी उपटू नका, तिच्यात बुलबुल-सातभाईंची घरटी असतात. दर वर्षी हिवाळ्यात एक तुकडा मुळासकट काढायचा आणि पुढच्या पावसात त्या जागी निर्गुडी, अडुळसा, कोरांटी, मेंदी लावायची. मला चार वर्षं लागली.

पालापाचोळा जाळू नका. हे मी सगळ्या गावाला सांगून थकले, पण तुम्हाला पुन्हा सांगते. झाडाखाली वीतभर पाला राहू द्या. सातभाईंचा थवा तो उलटापालटा करत, भांडत, अख्खी सकाळ घालवतो. त्याच पाल्यात पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी उतरतो. उन्हाळ्याच्या शेवटी पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू आली की मी हातातलं काम खाली ठेवते. पहिल्या पावसानंतर उधईला पंख फुटतात आणि ती जमिनीतून वाफेसारखी वर येते. त्या एका संध्याकाळी वाडीत जितकी पाखरं जमतात तितकी वर्षभरात जमत नाहीत.

आता साप. भीती खोटी नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही विषारी मंडळी महाराष्ट्रात आहेत. म्हणून घराच्या चारही बाजूंना पंधरा फूट जागा झाडून स्वच्छ ठेवा. पाला, लाकडाचा ढीग, विटांचा चट्टा, कोंबड्यांचं खुराडं, सगळं त्या पलीकडे. अंगणात धान्य सांडू देऊ नका, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तिचा चावा फारसा दुखतही नाही, म्हणून खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात बूट. चावलंच तर आवळून बांधणं नको, चिरणं नको, मांत्रिक नको. हातपाय हलू न देता सरळ ग्रामीण रुग्णालयात. तिथे मिळणारी लस या चारही विषांवर चालते. आणि धामण दिसली तर तिला जाऊ द्या. माझ्या वाडीत एक लांबलचक धामण आहे, ती आल्यापासून कणगीतल्या धानाला उंदीर लागत नाही.

कुंपणाचंही सांगून टाकते. विटांची भिंत घालू नका, आणि रानडुकरांच्या रागाने तारेत वीज तर कधीच सोडू नका. अशा तारांनी आपल्याकडे वाघ मेलेत आणि माणसंही. करवंद, सागरगोटी, मेंदी यांचं जिवंत कुंपण तीन पावसाळ्यांत दाट होतं. मुंगसाला, सशाला खालून वाट राहते. गाव नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असेल तर रात्री कुत्रं बाहेर बांधू नका, बिबट्या कुत्र्यासाठीच येतो. वाडीतला दिवाही रात्रभर जळता नको. पतंग त्याभोवती फिरून मरतात. मी टेबलाशी खाली झुकलेला पिवळा दिवा लावते आणि खिडकीला पडदा ओढते.

लिहायला वेळ उरेल का, असं विचारलंत. उरतो. अशा वाडीत कापणं, छाटणं, खुरपणं कमीच असतं. पहिली दोन वर्षं राबावं लागतं, मग आठवड्यातून एखादी सकाळ पुरते. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती सकाळ लेखनातच जमा होते, आणि इथेच त्या पोस्टकार्डाची गोष्ट येते.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक प्रसंग होता. ऐन थंडीत, पौषात, एक म्हातारी पहाटे मोहफुलं वेचते आहे. परीक्षणं बरी आली. आणि एक दिवस शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं, बारीक तिरप्या अक्षरातलं. ‘बाई, मोह पौषात पडत नाही. बाकी म्हातारी खरी आहे. चैत्रात पहाटे या, दाखवतो.’ खाली ज्यांची सही होती त्यांच्या कादंबऱ्या मी कॉलेजात वाचल्या होत्या. ते माझ्यापासून बारा मैलांवर राहतात हेही मला ठाऊक नव्हतं. मला रात्रभर झोप आली नाही. झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या या रानाच्या मुलखात, जन्मलेली मी, मोह कधी पडतो ते चुकले.

चैत्रात गेले. पहाटे चारला त्यांनी मला त्यांच्या वाडीच्या टोकाच्या मोहाखाली नेलं. मी काही विचारायला लागले तर म्हणाले, “बोलू नका जी, आयका.” अंधार होता. मग वरून एक फूल पडलं, वाळक्या पाल्यावर, टप्. थोड्या वेळाने दुसरं. उजाडेपर्यंत तो आवाज पावसासारखा झाला. फुलं फिकट, मांसल, बोटात चिकटणारी, वास गोड आणि थोडा आंबूस. वेचणारे खालचा पाला जाळून जागा साफ करतात आणि त्यातून रानाला वणवे लागतात. भाऊंनी, मी त्यांना भाऊच म्हणते, त्याऐवजी जुनी लुगडी अंथरली होती. वहिनींनी चहा आणला. त्या दिवशी आम्ही साहित्यावर एक शब्दही बोललो नाही. निघताना त्यांनी मला उंबराचं रोप दिलं. तेच आज माझ्या वाडीत आहे.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. त्यांची दोन पुस्तकं आधी नीट वाचा, समीक्षकासारखी नको, शेजाऱ्यासारखी. मग पत्र लिहा, फोन करू नका. पत्रात त्यांच्या पुस्तकातली एकच गोष्ट लिहा जी तुम्हाला खरंच दिसली, आणि वाडी पाहायला येऊ का, एवढंच विचारा. तुमचं हस्तलिखित सोबत नेऊ नका. पहिल्या भेटीत नको, दुसऱ्या भेटीतही नको. शाल-श्रीफळही नको. तुमच्या वाडीतलं काहीतरी न्या, गावठी बोराच्या बिया, कोरांटीची फांदी, काहीही. सकाळी लवकर जा. मोबाइल खिशात राहू द्या. त्या वाडीत काय करतात ते पाहत मागे मागे फिरा, आणि हाताला काम दिलं तर करा. आपल्याकडचे जुने लेखक स्तुतीला संकोचतात, पण कोणी कुदळ हातात घेतली की मोकळे होतात. रोप मागून आणा. रोप आणलं की ते जगलं का हे सांगायला पुन्हा जाता येतं.

आमचीही ओळख अशीच वाढली, ऋतूंनी. पुढे ते माझे खर्डे वाचू लागले, आणि मी त्यांचे. ते माझ्या पानांच्या समासात फक्त ‘केव्हा?’ आणि ‘कोणतं झाड?’ असं लिहायचे. ‘एक पक्षी ओरडला’ हे वाक्य मला पुन्हा लिहिता आलं नाही. मी त्यांच्या कादंबरीतल्या बाया फार कमी बोलतात असं लिहायची. त्यावर ते आठवडाभर गप्प बसायचे आणि मग पुढच्या खर्ड्यात बाई बोललेली असायची.

एकदा मात्र तुटता तुटता राहिलं. माझ्या वाडीत आंब्याचं एक वठलेलं खोड होतं. सरपणाला कामी येईल म्हणून मी ते पाडून घेतलं. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहत होती. मला ते माहीत होतं, पण उडून जातील, दुसरीकडे बसतील असं वाटलं. भाऊ आले, मोकळी जागा पाहिली. “काहून तोडलं जी?” एवढंच म्हणाले. चहा अर्धा ठेवून निघून गेले आणि अख्खा पावसाळा त्यांचं कार्ड आलं नाही. तेव्हा मला कळलं की वाळकं खोड ही वाडीतली सगळ्यात भरलेली जागा असते. जिवंत झाड ढोली द्यायला कैक वर्षं घेतं. मी कुंभाराकडून लांबट मडकं घडवून घेतलं, तोंड आडवं, चार बोटांचं, तळाला पाणी निथळायला भोक, आत लाकडाचा भुसा, आणि कडुनिंबाच्या बेचक्यात बारा फुटांवर घट्ट बांधलं. दोन वर्षं त्यात फक्त खारींनी चिंध्या भरल्या. तिसऱ्या वर्षी फाल्गुनात एका संध्याकाळी मडक्याच्या तोंडातून दोन पिवळे डोळे माझ्याकडे पाहत होते. मी तेव्हाच आत जाऊन कार्ड लिहिलं. भाऊ चौथ्या दिवशी आले आणि त्या वेळी चहा पूर्ण प्यायले.

तुमच्या वाडीत वठलेलं खोड असेल आणि घरावर पडण्यासारखं नसेल, तर ते उभं राहू द्या.

भाऊंना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. वाडी वहिनी आणि नातू पाहतात. पण त्यांचे कान पहिल्यासारखेच तिखट आहेत. आम्ही एक जुना नेम अजून पाळतो. मृगाच्या आगेमागे ज्याच्या वाडीत चातक आधी बोलेल त्याने त्याच दिवशी पन्नास पैशांचं कार्ड टाकायचं, तारीख आणि झाडाचं नाव लिहून. नातू लिहितो, भाऊ सांगतात. गेल्या वर्षी त्यांचं कार्ड आधी आलं. झाड बाभळीचं, विहिरीवरचं, जिच्यावर श्रावणात सुगरणींचे खोपे लटकतात. यंदा मी कान लावून आहे. तुम्हीही कुंडे ठेवून झाले की एक वही घ्या आणि पहिल्या पानावर आजची तारीख टाका.